ला हामूची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, पण खाली कॉमेंटात येऊन अक्कल पाजळू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो हाशिर माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि त्याला मी उभ्या जन्मात खोटं बोलताना पाहिलेलं नाही.

एकच खोटं बोलायचा. त्याचीच ही गोष्ट.

ठिकाण, सौदीतलं जुबैल. गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. दुपारचे चार वाजले होते आणि ऊन अजून अंगावर होतं.

हाशिर दाभोळच्या खाडीकाठचा. एका नव्या प्लांटच्या कामावर वेल्डर होता. कामगारांच्या कँपात त्याचा खोलीतला जोडीदार म्हणजे ला हामू. क्रेनला ओझी बांधायचं काम करायचा. इंडोनेशियाच्या पार पूर्वेकडच्या कुठल्याशा बेटावरचा माणूस. मोडकी अरबी, त्याहून मोडकी हिंदी, पण दोघांचं जमलं मस्त. दोघंही मासळीवर वाढलेले ना!

त्याच्या गावाला जायचं म्हणजे आधी विमान, मग एक रात्र मोठ्या बोटीत, मग सहा तास लाकडी होडीत, तेसुद्धा समुद्राची मर्जी असली तर. धक्का नाही. कमरेभर पाण्यात उतरायचं, पोरं खांद्यावर घ्यायची आणि चालत सुटायचं. फोनला रेंज फक्त डोंगरावर. दर गुरुवारी रात्री त्याची बायको बॅटरी घेऊन डोंगर चढायची, नवऱ्याशी बोलायला.

जुबैल आणि ते बेट यांच्यात पाच तासांचा फरक. कंपनीची बस रखडत कँपला पोचेपर्यंत तिकडे मध्यरात्र व्हायची. म्हणून गुरुवारी ला हामू कामावरून गुपचूप पाण्याच्या टँकरमधून निघायचा. टँकरचा ड्रायव्हर त्याच्याच देशाचा. तो त्याला लवकर बाजारात सोडायचा, तिथून हा घरी फोन लावायचा.

आणि बसमध्ये हजेरीला त्याच्या नावाला 'हाजिर' म्हणायचं काम हाशिरचं. सगळेच एकमेकांसाठी करतात. टाइमकीपर रोशन, अलिबागचा पोरगा, त्यालाही ठाऊक होतं. कागदावरून डोकं वर न काढता टिक मारायचा.

ला हामूला मात्र ते आवडायचं नाही.

"आमच्या गावी होडी लागली की ज्याने त्याने आपलं नाव ओरडायचं," तो म्हणायचा. "दुसऱ्याच्या नावाला कुणी ओ देत नाही. दिली की सगळे समजतात, हा पोचला. मग मागे वळून कुणी बघत नाही."

"अरे बाबा, ही होडी नाही, बस आहे," हाशिर हसायचा. "तू जा, वहिनी डोंगरावर थंडीत उभी असेल."

त्या गुरुवारी रोशनने नाव घेतलं. "ला हामू."

हाशिर म्हणाला, "हाजिर."

बस सुटली.

रात्री ला हामू खोलीवर आला नाही. शुक्रवारी सुट्टी, राहिला असेल ड्रायव्हरकडे, हाशिरला वाटलं. फोन लावला तर नुसती रिंग जात होती.

शनिवारी पहाटे बसमध्येही तो नव्हता. हाशिरने ठरवलं, आज गप्प बसायचं. दोन दिवस गायब राहतोस काय, मेल्या, कापू दे तुझा एक दिवस.

"ला हामू," रोशन म्हणाला.

आणि मागच्या सीटवरून आवाज आला...

"हाजिर."

हाशिरच्या तोंडात पावाचा घास होता. तोंड मिटलेलं होतं.

आणि तो आवाज हाशिरचा होता.

शेजारचा माणूस हसून म्हणाला, "काय हाशिरभाई, घास तरी गिळा!" हाशिरने मागे वळून पाहिलं. शेवटच्या सीटवर कुणीही नव्हतं.

संध्याकाळी परतताना त्याने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. रोशनने नाव घेतलं.

क्षणभर काहीच नाही. मग...

"हाजिर."

पुन्हा त्याचाच आवाज. पण बसलेला. घसा सुकल्यासारखा.

आता रोशननेही मान वर केली. हाशिरच्या तोंडावरचे हात त्याने पाहिले. बसमधल्या चाळीस माणसांनी पाहिले. रोशनने टिक मारली.

कँपवर पोचताच हाशिरने टँकरच्या ड्रायव्हरला गाठलं.

"गुरुवारी? आलाच नाही तो," ड्रायव्हर म्हणाला. "दहा मिनिटं थांबलो, मग निघालो."

 हाशिर तसाच कँपबॉसच्या ऑफिसात धावला. कँपबॉसने कागद पुढे ढकलला. "गुरुवारी परत आला. आज सकाळी आहे, संध्याकाळी आहे. हरवला कसा? आणि नसेलच इथे, तर पळाला असेल. उद्या पळपुटा म्हणून नाव कळवतो. खलास."

पळपुटा! म्हणजे कुणी शोधायला नको, घरच्यांना काही द्यायला नको. मला हे लिहितानासुद्धा डोक्यात तिडीक जाते. माणूस सापडत नाही, आणि हा इसम कागद दाखवतो!

पण त्याच वेळी हाशिरने एक वाक्य बोलायला हवं होतं. 'गुरुवारी तो बसमध्ये नव्हता, त्याच्या नावाला मी ओ दिली.' एवढंच.

नाही बोलला. खोटी हजेरी म्हणजे सरळ फायनल एक्झिट, कायमचं घरी. घरी आई, बायको, लहानगी लेक दुआ. तो परत फिरला.

त्या रात्री त्याची खात्री पटली की ला हामू मेला आणि आता आपल्या मागे लागलाय. खोलीत बसून त्याने आयतुल कुर्सी म्हटली, भुताखेतांना दूर ठेवणारी कुराणातली आयत. पुन्हा पुन्हा म्हटली. दारावर फुंकर मारली, खिडकीवर मारली, स्वतःच्या छातीवर मारली. जा बाबा, सोड मला, म्हणून रडला.

रविवारी सकाळी बसमध्ये सगळे मागच्या सीटकडे बघत होते. रोशनने नाव घेतलं.

शांतता. किती वेळ तरी...

"हा..."

पुढचं अक्षर आलंच नाही. नुसता वारा सरकल्यासारखं काहीतरी झालं. रोशनने पेन तसंच हातात धरलं होतं.

रविवारी संध्याकाळी पुन्हा नाव घेतलं. सगळे वाट पाहत राहिले.

काहीच आलं नाही.

बसमध्ये सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी अल्हमदुलिल्लाह म्हणालं. बला टळली म्हणून एकाने सगळ्यांना खजूर वाटले. हाशिरनेही एक खाल्ला.

पण खोलीत आल्यावर समोरची रिकामी खाट त्याला बघवेना. ला हामूची लुंगी अजून दोरीवर वाळत होती. रात्रभर तो बसून राहिला आणि सोमवारी पहाटे सरळ साईटच्या मोठ्या इंजिनीअरपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, गुरुवारी तो बसमध्ये नव्हताच. मी खोटं बोललो. तो अजून प्लांटमध्येच आहे."

तासाभरात सापडला.

टँकर उभा राहायचा त्याच वाटेवर, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात. दीड पुरुष खोल, काँक्रीटचा. वरची लोखंडी जाळी कुणीतरी कामासाठी काढून ठेवली होती. हा घाईघाईत निघाला आणि आत पडला. मांडीचं हाड मोडलं. नंतर कुणीतरी, आत डोकावूनही न बघता, खड्ड्यावर प्लायवूडचा तक्ता टाकून दिला. बाजूला कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत होता. फोन गेटवरच्या पेटीत, कारण आत न्यायची परवानगी नाही. जाळी कुणी काढली? प्लाय कुणी टाकला? विचारा जाऊन. कुणाचंही नाव नाही. नाव फक्त हाशिरचं निघालं.

त्याला आठवड्यात घरी पाठवलं. ठीक आहे, चूक त्याची होती. पण एकट्याची होती काय हो?

ला हामू शवपेटीतून गेला त्याच्या बेटावर. विमान, बोट, होडी, मग कमरेभर पाण्यातून गावकऱ्यांच्या खांद्यावर. पळपुटा म्हणून नाही गेला, एवढं तरी झालं.

हाशिर निघाला त्या दिवशी रोशन विमानतळावर आला होता. डॉक्टरांचा कागद त्याने ऑफिसात पाहिला होता. सांगावं की नाही, असं करत तो आतल्या दारापर्यंत सोबत आला. मग म्हणाला, "हाशिरभाई, तो गुरुवारी नाही गेला. खड्ड्यात पाइपातून थेंब थेंब पाणी गळत होतं, त्यावर काढले त्याने दिवस."

"मग कधी गेला?"

"रविवारी. दुपारनंतर."

हाशिर आता गावी आहे. एका वर्कशॉपात खिडक्यांच्या ग्रिल बनवतो. तो आवाज बसमध्ये कसा आला, त्याचाच कसा होता, मला विचारू नका. मी मौलानांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. कुणालाही सांगता आलं नाही.

परवा त्याच्याकडे गेलो होतो.  मी उठायला लागलो तेव्हा मनगट धरून त्याने मला खाली बसवलं.

"शनिवारी तो जिवंत होता रे," हाशिर म्हणाला. "तो मला बोलावत होता. आणि मी रात्रभर आयतुल कुर्सी म्हणून त्याला हाकलत बसलो."