बुडापेस्टला न गेलेला ढोल

ढोलाचं कातडी पान आरपार चिरलेलं होतं. विमानतळावर न्यायला आलेली गाडी अष्टमी गावात दारासमोर उभी, हार घेऊन अख्खी आळी जमलेली, आणि ढोलकरी हैबतराव पाटावर बसलेले.

हवालदार अनिता खाली वाकली. दोऱ्यांच्या कड्या सरकवून ढोलाचा ताण पूर्ण उतरवलेला. सैल पानावर सुरीची एकच सरळ रेघ.

संशयितही एकच. नितेश. हैबतरावांच्या जोडीला सनई धरणारा. बुडापेस्टच्या मैत्री महोत्सवाला निघालेल्या वाद्यवृंदानं ढोल घेतला, सनई नाकारली. तेव्हा हैबतरावांच्या भर सत्कारात तो बोलला होता, "फोडून टाकीन तो ढोल." आळीतल्या पोरांनी आज त्याला पेणच्या एसटी स्टँडवर गाठलं, बदडलं, इथे आणून बसवलं. ओठ फुटलेला.

पहिला प्रश्न.

"ताण तू उतरवलास?"

"मी? म्हातारा कडीला बोट लावू देतो काय मॅडम? बायकोलापण देत नाय."

हैबतरावांची बायको हौसा दारातून म्हणाली, "व्हय. मला पुसूपण देत नाय. सकाळी वाजवत निघायचं म्हणून रातीला ताणून ठेवला होता त्यांनी, मी बघितला."

दुसरा प्रश्न, फोनवर. वाद्यवृंदाचे व्यवस्थापक कमळाकर.

"तुमचा कार्यक्रम अडेल?"

"छे. दुसरा कुठलाही ढोल द्या. संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलंय. पाहुण्यांना फेटा आणि ढोल दिसला की झालं."

"हैबतरावांना ठाऊक आहे हे?"

"काल रात्री उशिरा कळवलं."

तिसरा प्रश्न अनितानं विचारलाच नाही.

"रागानं फोडणारा ताणलेल्या ढोलावरच घाव घालतो. इथे रात्री ताणलेला ढोल आधी नीट उतरवलाय, वाजवून झाल्यावर उतरवतात तसा. मग चिरलाय. कड्यांना हात एकाच माणसाचा लागतो. चिरतानाही तुमची सवय सुटली नाही, हैबतराव."

बाहेर कुणीतरी हार खाली ठेवला.

"गळ्यात अडकवून नुसते हात हलवायचे, व्यवस्थापक म्हणाला," हैबतराव पुटपुटले. "आळीनं वर्गणी काढून फेटा आणलेला. कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि याला मारत आणलं, तेव्हाही बोलला नाहीत?"



नितेशनं ओठावरचं रक्त बाहीला पुसलं.

"सांगितलं असतंस तर मीच फोडला असता, काका. मार तरी कशाचा खाल्ला ते कळलं असतं."