शेडखालचा मोगरा

जिन्यात आधी मोगरा दिसला, मग त्याच्या पानांतून डोळे.

"जरा वाट द्याल, मॅडम?"

कुंडी छातीशी धरून चढणारा तो गच्चीवरच्या खोलीतला नवा भाडेकरू, साकेत. वेदश्री भिंतीला टेकली... आणि एक पान तिच्या गालाला चाटून गेलं.

बघता बघता गच्चीवर मोगऱ्याच्या बऱ्याच कुंड्या जमल्या. आषाढात त्याला कामासाठी अळणावरला जावं लागलं. "मोगऱ्याकडे बघाल?" त्यानं विचारलं.

"कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते मी," ती ऐटीत म्हणाली. "एवढं जमेल."

धारवाडचा पाऊस थांबेना. मुळं कुजतील म्हणून तिनं कुंड्या पत्र्याच्या शेडखाली ओढल्या आणि बोअरचं पाणी मापून घालू लागली. एक जड कुंडी तेवढी हलली नाही. ती पावसातच राहिली.

संध्याकाळी साकेतचा फोन यायचा. "मोगरा कसा आहे?"

"छान आहे," ती म्हणायची. पानं पिवळी पडायला लागली, तरीही.

आज फाटकाशी अचानक त्याची स्कूटर वाजली. वेदश्री धावत गच्चीवर गेली आणि शेडखालच्या कुंड्यांपुढे उभी राहिली – जणू ओढणीआड एवढं सगळं लपणार होतं. पावसातल्या कुंडीला मात्र कळ्याच कळ्या. कीड लागली म्हणावं? शब्द जिभेवर आला... पण तो समोर येताच तिला ते जमेना.

"मीच खराब केला," ती खाली बघत म्हणाली. "बोअरच्या पाण्यातले क्षार मातीत साठत गेले. पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतातच. उलट साठलेले क्षार पाऊस धुऊन नेतो, येताना थोडा नायट्रोजनही आणतो. मुलांना शिकवते मी हे. दर रविवारी किटलीतला पांढरा थर लिंबानं घासते... आणि कुंडीच्या काठावरचा तसाच थर दिसला नाही मला. फोनवरही खोटं बोलले."

साकेतनं कुंडीचा काठ नखानं खरवडला.

"परवागिल्ला, काही हरकत नाही," तो म्हणाला. "पण मी रोज मोगऱ्यासाठीच फोन करत होतो, असं वाटलं तुम्हाला?"

तिचे कान तापले. "मग – कशासाठी?"

"एवढ्या शिकलेल्या तुम्ही..."

"आज मला शिकलेली म्हणू नका हो."

"बरं. ती बाजू धरा, वेदश्री."

नावानं त्यानं पहिल्यांदाच हाक मारली होती. एकेक कुंडी दोघांनी पावसात नेली. शेवटची टेकवताना त्याची बोटं तिच्या बोटांवर आली – आणि तिथंच राहिली.

"भिजाल. छत्री आणू?"

वेदश्रीनं आत्ता कुठे मान वर केली.

"नको... झाकून ठेवल्यावर काय होतं, बघितलंत ना."