दगडांखालची हातोडी

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या थोरल्या बहिणीच्या, युस्ताकियाच्या बाबतीत खरोखर घडलंय. पेरूच्या डोंगरात, आमच्या वस्तीजवळच्या सोन्याच्या खाणीवर. ऑगस्टातल्या एका रविवारी पहाटे.

बाईनं खाणीत पाऊल टाकलं की सोनं रुसतं, असं तिथं मानतात. म्हणून बायका बाहेरच. पुरुषांनी फेकलेले दगड हातोडीनं फोडायचे, कण शोधायचे. युस्ताकियाची तीस वर्षं त्या ढिगावर गेली.

त्या पहाटे नेलिदा धापा टाकत आली. वीस-बावीसची पोर. खानावळीत काम आहे सांगून आणलेली आणि फाउस्तोच्या गुत्त्यात डांबलेली.

"मावशी, लपव मला. तो मागून येतोय!"

"खाणीत शीर. बाईला तिथं कोण शोधणार? दुपारी खाली शहरात जाणारा ट्रक आला की हाक मारीन, त्यात बसून निघून जा."

"पण सोनं रुसलं तर?"

"रुसू दे मेलं! आपल्याकडे बघून कधी हसलंय? घे, ही हातोडी असू दे हाताशी."

नेलिदा आत गेली. लगेच फाउस्तो आला.

"म्हातारे, पोरगी दिसली?"

"मला माझे दगड दिसेनात, पोरगी कुठली दिसायला?"

तो शिव्या देत निघून गेला.

रविवारी तिथं कधी सुरुंग लावत नसत.

त्या रविवारी लावला. शिट्टीसुद्धा न वाजवता…

बोगद्याचं तोंडच बुजलं.

"अरे, आत पोर आहे!" युस्ताकिया ओरडत राहिली.

खाणवाले हसले. "आत बाई? मावशी, सकाळीच घेतलीस की काय?"

कोणीही खणलं नाही.

आठ दिवसांनी युस्ताकिया दुसऱ्या हातोडीनं ढिगावर दगड फोडत बसली होती. धुकं होतं. तिनं हात थांबवला…

टक्. टक्.

आवाज दगडांखालून येत होता.

दुसऱ्या दिवशीही. रोजच. शेवटी ती वस्ती सोडून दूर खाली शहरात राहायला आली.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. भर दुपारी आम्ही कोकाच्या पानांचा चहा घेत बसलो होतो…

टक्. टक्.

फरशीखालून.

मी कप खाली ठेवला. युस्ताकिया दचकली नाही. गुडघ्यावर हात टेकून कशीबशी वाकली आणि फरशीला म्हणाली,

"अजून ट्रक आला नाही गं, पोरी."

आवाज थांबला.

माझ्या घरची फरशीही दगडाचीच आहे. हल्ली मी दुपारी घरात थांबत नाही.