काळ्या कपड्याखालचा माणूस

कापसानं वऱ्हाड पिसाळलं होतं, ते दिवस. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि इकडे कालपर्यंत कांदा-भाकर खाणारे लोक बैलांना चांदीचे साज करू लागले. पैसा आला की माणसाला आपलंच तोंड पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. अमरावतीच्या पेठेत यंत्रानं तसबिरी काढणाऱ्या देविदासकडे म्हणूनच रीघ लागलेली असायची.

चैताच्या तोंडाला मात्र त्यानं दुकानाला कुलूप घातलं. यंत्र, काचा, औषधाच्या बाटल्या आणि काळा तंबू तट्टावर लादला आणि तो एकटाच चिखलदऱ्याच्या डोंगराकडे निघाला. कोणी विचारलं तर हसून सांगायचा, डोंगराची तसबीर काढायची आहे. ते काही खोटं नव्हतं.

तसबीर मागितली होती वच्छलानं. वच्छला म्हणजे त्याचा भागीदार गोवर्धन याची विधवा. वलगावला सासरच्या मळ्यात राहायची. गेल्या चैतात दोघे मित्र याच डोंगरावर गेले होते आणि परतला तो एकटा देविदास. गोवर्धनचं पाऊल कड्यावर चुकलं, असं त्यानं सांगितलं. रडला, तेराव्यापर्यंत वलगावातच राहिला. वर्ष सरत आल्यावर त्यानं पाटाची बोलणी लावली. विधवेनं दुसऱ्याशी पाट लावणं त्यांच्या जातीत रीतीचंच होतं, घरच्यांचीही हरकत नव्हती. वच्छलानं तेवढी एक अट घातली.

"भाऊजी, जिथं ते गेले ते जागा मले पायची हाय. एकटेच जा अन् तसबीर आना. मंग पाट लावू."

"काहून वयनी? उगा जिवाले तरास होईन."

"होऊ द्या," ती म्हणाली.

आता पाऊल चुकलं ते कसं, हे देविदासखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. काळा कपडा डोक्यावर घेऊन यंत्राच्या काचेत पाहणाऱ्याला भोवतालचं काही दिसत नाही. मागं सरायचं तर तो सोबत्याला विचारतो. गोवर्धननंही विचारलं होतं, "मांगं जागा हाय न बे?" आणि वच्छलापायी ज्याची झोप उडाली होती, तो देविदास म्हणाला होता, "हाय ना, ये." हात लावला नव्हता त्यानं. आपण हात लावला नाही, अशीच तो वर्षभर स्वतःची समजूत घालत आला होता. मला विचाराल तर असली माणसं हात लावणाऱ्यांहून वाईट.

तो कड्यापाशी पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. पळस फुलून करपायला लागले होते आणि मोहाच्या गळालेल्या फुलांचा गोडसर आंबूस वास रानात कोंडला होता. वारा अगदी पडलेला. त्यानं यंत्र मोठ्या खडकाला लागून मांडलं, म्हणजे पाठीशी दगड आणि पुढे दरी. मग कपडा डोक्यावर ओढला.

यंत्राच्या काचेत जग उलटं दिसतं. आकाश खाली आणि डोंगर वरून लोंबलेले. तसबीरवाल्याच्या डोळ्याला त्याची सवय असते, म्हणून पहिल्यांदा देविदासला काही खटकलंच नाही. दरीच्या मधोमध, जिथं नुसती हवा होती, तिथं एक माणूस दिसत होता. सरळ उभा. पाय खाली, डोकं वर.

मग त्याच्या ध्यानात आलं. उलट्या काचेत जो सरळ दिसतो, तो बाहेर उलटा असायला हवा. डोकं खाली, पाय वर... गोवर्धन गेला तसा.

त्यानं कपडा फेकला. दरी रिकामी होती. लांबवर एक घार फिरत होती, तेवढीच. त्यानं पुन्हा डोकं आत घातलं. आता तो माणूस जवळ आला होता. आणि कपड्याच्या आतल्या अंधारात, देविदासच्या कानापाशी, कोणीतरी श्वास घेत होतं.

"काढ ना बे..." तो आवाज हळूच म्हणाला. "तिनं मांगतली ना... काढ तसबीर..."

दुसरा कोणी असता तर तट्टू सोडून पळाला असता. पण तसबीर नाही तर पाट नाही. देविदासनं तंबूत काचेवर औषध चढवलं, ती ओली काच यंत्रात बसवली, भिंगावरचं झाकण काढलं आणि मान फिरवून उभा राहिला. नंतर तंबूच्या पिवळ्या उजेडात त्यानं काच धुतली. डोंगर उमटले, रांगेमागे रांग. माणूस कुठंच नव्हता. देविदास एकटाच मोठ्यानं हसला.

वलगावला तो पोचला तेव्हा वच्छला मळ्यातल्या खोपीपुढं वांगी निवडत बसली होती. तिनं हात पुसून काच घेतली.

"अशी नाई समजत," देविदास म्हणाला. "काळ्यावर ठेवा, मंग नीट दिसते."

तिनं काच खालच्या काळ्या घोंगडीवर ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"निघाला ना डोंगर झकास?"

"डोंगर हाय," ती म्हणाली. "अन् मानसं बी हायेत."

तो वाकला. कड्याच्या टोकाशी यंत्र होतं. यंत्रामागं काळा कपडा डोक्यावर घेतलेला माणूस, एक टाच हवेत गेलेली. आणि बाजूला दुसरा, तोंड उघडून त्याला काही सांगत असलेला. त्या दुसऱ्याचा चेहरा स्वच्छ आला होता. तो देविदासचाच होता.

"भाऊजी," वच्छलानं विचारलं, "तुमी काय सांगून राहिले त्याइले?"

देविदास मागं सरला. "हे... हे कोनं काढली?"

"तुमीच तं आनली."

"वयनी... पाटाचं राहू द्या."

"काहून? पाट तं होईनच." तिनं काच पदराखाली घेतली. "मोडला, तं हे काच पंचाइतीत ठेवीन."

पाट लागला. वच्छलानं ती तसबीर काळ्या फडक्यावर बसवून भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि पुढं दिवा लावला. देविदासनं एकदा ती फोडायला उचलली होती. ताप चढलेल्या कपाळासारखी गरम लागली, तशी त्यानं ती मुकाट्यानं जागेवर ठेवली. त्यानंतर तो देवळीकडं पाठ करूनच जेवायला बसे.

एका सकाळी भाकरी वाढताना वच्छला सहज म्हणाली, "त्याइच्या डोक्यावरचा कपडा सरकून राहिला. काल कान दिसत होता. आज डोये दिसून राहिले."

देविदासनं घास ताटात ठेवला.

"अन् तसबिरीतलं तुमचं तोंड मिटलं आता. ते बोलून राहिले, अन् तुमी आइकून राहिले."

"काय..." देविदासनं देवळीकडं न पाहताच विचारलं. "काय म्हनून राहिला तो?"

वच्छलानं पाण्याचा गडू त्याच्यापुढं सरकवला.

"मले सांगतलं त्याइनं. 'जागा हाय ना, ये,' म्हनून राहिले. तुमाले ते सवताच सांगतीन," ती म्हणाली आणि देवळीपुढच्या दिव्यात तेल घालायला उठली.