शोभेल असा रंग

सुवर्णाने भाचीच्या लग्नासाठी हिरवा रंग निवडला, तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. आरशासमोर उभी राहून ती तासभर फोनवर बोट फिरवत होती. पोपटी नको, फार पोरकट. शेवाळी नको, उगाच म्हातारं दिसतं. शेवटी कैरीचा हिरवा आणि काठ लाल, यावर तिचं मन बसलं.

साडी अर्थातच पालटसुताची. आता घरोघरी तीच असते. या सुताच्या धाग्यात रंगाचे इतके बारीक कण असतात, की डोळ्याला दिसायचे नाहीत. पदरातल्या पातळ बॅटरीतून किंचित वीज खेळली, की हवे ते कण वर येतात आणि नको ते दडून बसतात. एक साडी घेतली की कपाटभर रंग मिळाले!

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत सुवर्णाने हिरवा अंगाला लावला नव्हता. पण त्या भाचीने, अन्विताने, हट्टच धरला होता. "आत्या, मांडवात जायच्या आधी मला तूच ओवाळायचंस. आणि चांगली रंगीत साडी नेसून ये. नाहीतर मी खोलीतून बाहेरच पडणार नाही, सांगून ठेवते."

एवढं सगळं छान होतं, पण कल्पनावहिनीचे फोन काही ठीक वाटत नव्हते. "ताई, साडी कोणत्या रंगात नेसणार?" असं तिने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. लेकीचं लग्न, आईला हौस असणारच. पण तिसऱ्यांदा? सुवर्णाच्या मनात पाल चुकचुकली.

लग्नाच्या दिवशी जयसिंगपूरच्या नव्या मंगल कार्यालयाच्या दारातून ती आत शिरली आणि पायाशी काहीतरी हललं. तिने खाली पाहिलं. निऱ्यांमधला हिरवा विरत होता. बघता बघता तो गुडघ्यापर्यंत गेला, मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. लाल काठही गेला. दारातल्या काचेत तिला एक बाई दिसली, ताकासारख्या पांढुरक्या साडीतली.

तिने घाईने फोन काढला. त्यावर लिहिलं होतं, 'आपल्या वस्त्राचा रंग सध्या यजमानांच्या रंगसंगतीनुसार आहे. आपण निमंत्रणात संमती दिली आहे.' हो, पत्रिका उघडताना 'मान्य' दाबलं होतं खरं. सगळेच दाबतात. आता ते कोण वाचत बसतं!

सुवर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच तरातरा वहिनीच्या खोलीत गेली. अन्विता शेजारच्या खोलीत मुंडावळ्या बांधून घेत होती.

"वहिनी, नको होतं तर तोंडावर सांगायचं. मी आलेच नसते."

"अगं बाई! ताई, हे काय झालं?" वहिनी ताडकन उठली.

"मला विचारता? तीन-तीनदा फोन कशाला केले होते मग?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "खोटं नाही बोलत. मनात आलं होतं. माझ्या सासरमाहेरच्या बायका काय म्हणतील, असं वाटलं होतं. पण लेकीची शपथ, कुणाला काही सांगितलं नाही."

सुवर्णाचा विश्वास बसला नाही. कसा बसेल? तिने वहिनीचा हात धरला आणि तिला तशीच मांडवामागच्या खोलीत नेलं. तिथे मुजावर नावाचे गृहस्थ पडद्यासमोर बसून अख्ख्या कार्यालयाचे रंग सांभाळत होते.

"माझी साडी कुणी बदलायला सांगितली?"

मुजावरांनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली. "कुणीच नाही, ताई. यंत्रणा स्वतःच ठरवते. आम्ही एवढंच सांगतो, की नवरीवर कुणाची साडी मात करू नये, आणि ज्याला जे शोभेल ते द्यावं."

"मला हे शोभतं, असं तिला कोण म्हणालं?"

मुजावर अवघडले. त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावर फोटो आले, नात्यातल्या लग्नांचे, अकरा वर्षांतले. सगळ्या फोटोंत सुवर्णा होती. मागच्या रांगेत, टोकाला, कधी राखाडी, कधी फिक्या बदामी साडीत. कुणी तिला तिथे ढकललं नव्हतं. ती आपणहून जाऊन उभी राहिली होती.

"ती बघून शिकते, ताई. तिला वाटलं, तुम्हाला हेच आवडतं."

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागवायचं तरी कुणावर?

बाहेरून अन्विताची हाक आली, "आत्या कुठेय? मुहूर्त जवळ आलाय!"

"मी जाते घरी," सुवर्णा म्हणाली. "या वेषात मी तिच्यासमोर ताट धरणार नाही."

"कुठेही जायचं नाही," वहिनी म्हणाली. "मुजावर, ताईंचा हिरवा परत द्या."

"एकट्याचं करता येत नाही. बंद करायचं तर सगळ्यांचंच बंद होईल. चारशे माणसं आहेत. मांडवाची शोभा जाईल, फोटो बिघडतील."

वहिनीने क्षणभर डोळे मिटले. "बिघडू देत. करा बंद."

मुजावरांनी कळ फिरवली. सुवर्णाच्या अंगावर हिरवा सरसर चढला. ती धावतच मांडवात गेली आणि थबकली. नुसता गोंधळ उडाला होता! मोतिया आणि गुलाबी मांडवात कुणी भडक नारिंगी झालं होतं, तर कुणा काकांचा झब्बा जांभळाजर्द. लोक एकमेकांकडे बघून हसत होते.

पण सुवर्णा मागच्या रांगेकडे बघत राहिली. मघाशी तिथे तिच्यासारख्याच, नवरा गेलेल्या पाच-सहा बायका फिकट साड्यांत बसल्या होत्या. आता एक डाळिंबी होती. एक मोरपंखी. सत्तरीच्या एक आजी हळदी पिवळ्याधमक. घरून त्या अशाच निघाल्या होत्या! दारातच सगळं उतरलं होतं आणि जी ती घरातल्याच कुणावर तरी संशय घेत मुकाट्याने बसली होती. डाळिंबी साडीतली बाई आपला पदर हाताने चाचपत रडत होती.

सुवर्णाने ताट घेतलं आणि खोलीच्या दारातच अन्विताला ओवाळलं. समोर कॅमेरे लखलखले.

"हे फोटोसुद्धा ती शिकायला घेणार का?" परत येऊन तिने मुजावरांना विचारलं.

"घेणार. पण ताई, खरं सांगू? जुने फोटो लाखो आहेत. त्यात असा एखादा आला, तर ती त्याला चूक समजते आणि बाजूला टाकते."

"असं?" सुवर्णाने दारातून मागच्या रांगेतल्या बायकांकडे पाहिलं. "मग तिला पटायला असे किती फोटो लागतील?"