सात घरांचा एक पासवर्ड

श्रावणातल्या एका शनिवारी निकेत नागावला हेमालीच्या दारात भिजत उभा राहिला, तेव्हा त्याच्या मोबाईलवर ज्या खोलीचं बुकिंग होतं, त्या खोलीत साताऱ्याचं एक जोडपं दुपारपासून घोरत होतं. त्यांच्याही मोबाईलवर तेच बुकिंग होतं.

“येक खोली दोघांना कशी दिलीस गं?” आईनं विचारलं.

हेमालीनं दिलीच नव्हती. लॅपटॉप उघडून पाहिलं तर कुणीतरी बुकिंगच्या साइटवरच्या त्यांच्या होमस्टेच्या खात्यात शिरून भरलेली खोली पुन्हा मोकळी दाखवली होती, आणि पाहुण्यांचे आगाऊ पैसे उकळायला संपर्काचा नंबरही बदलला होता.

“पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?” निकेत वाकून पाहत म्हणाला. तो बेलापूरच्या एका सायबर सुरक्षा कंपनीत होता.

“आम्हाला.”

“आम्हाला म्हणजे?”

“म्हणजे... आळीला.”

आळीतल्या सातही घरांची खाती हेमालीनंच उघडून दिली होती. एकीकडे पाहुणे जास्त झाले की दुसरीकडे पाठवायचे, म्हणून सगळ्यांचा पासवर्ड एकच — नारळपाणी१२३. शेजारणीला विरजण द्यावं तसा तिनं तो घरोघर दिला होता. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, याच सुरक्षेच्या कामात नोकरी शोधणारी मुलगी! धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

निकेत हसला नाही. तेवढ्यानंच तो तिच्या मनात भरला.

संध्याकाळी दोघं छत्रीतून सातही घरं फिरली, पासवर्ड बदलत. शेवटच्या घरी काळूरामकाका खवळले. “म्हंजे आता शेजाऱ्याचा भरवसा न्हाय का?”

“भरवसा हाय काका,” हेमालीनं हात जोडले. “चूक माझी हाय. सगळ्यांना एकच चावी मी दिली.”

निकेतनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिला. तिनं छत्री उगाचच मिटली आणि पुन्हा उघडली.

मग तो दर पंधरवड्याला यायला लागला. विहिरीच्या कट्ट्यावर लॅपटॉप, पोफळींवरून टपटपणारं पाणी, आणि हेमालीचे न संपणारे प्रश्न.

“कोर्स कोणता करू?”

“आधी कोर्स नको. दोन मशीन एकमेकांशी कशा बोलतात ते शीक. आणि रोज जे पाहशील ते लिहून ठेव. चोर शोधणारे पुष्कळ असतात, काय घडलं ते साध्या भाषेत लिहिणारे थोडे.”

“आणि अंगात काय पाहिजे?”

“चूक लपवायची नाही, एवढंच. ते तुझ्यात आहे. काकांच्या दारात पाहिलं मी.”

“म्हणून येता होय तुम्ही इतक्या लांब?”

“छे... सोलकढीसाठी येतो.” कान मात्र लालबुंद झाले होते.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आईला मात्र कळलं होतं.

नोकरीच्या मुलाखतींत हेमालीनं आळीच्या पासवर्डची गोष्ट आपणहून सांगितली. फाल्गुनात दोन ठिकाणांहून नेमणुकीची पत्रं आली. एक बेलापूरहून, निकेतच्याच कंपनीचं. दुसरं हैदराबादचं.

बेलापूर म्हणजे दर शनिवारी घर. बेलापूर म्हणजे रोज निकेत. आईनं देवापुढे साखर ठेवली तीही बेलापूरच्याच नावानं. हेमालीचंही मन तिकडेच धावत होतं. तरी तिनं त्याला विचारायचं ठरवलं, कारण त्यानं आजवर तिला एकही चुकीची गोष्ट सांगितली नव्हती.

ओहोटी लागली होती. दोघं ओल्या वाळूवरून चालत होती.

“निकेत... कुठे जाऊ?”

“हैदराबादला,” तो म्हणाला. “आमच्याकडे दोन वर्षं तू कॉम्प्युटरनं दिलेले धोक्याचे इशारे नुसते तपासून बंद करत बसशील. तिथे हल्ला कसा झाला ते मुळापासून शोधायला शिकवतात.”

ती थांबली. “इतक्या सहज सांगितलंस?”

“सहज?” तो तिच्याकडे वळला. “तू सल्ला विचारलास, मी खरा दिला. माझ्या मनातलं विचारशील तर... जाऊ नकोस. मला तू आवडतेस हेमाली, फार आवडतेस. सात महिने सांगीन सांगीन म्हणत होतो, आणि सांगायची वेळ आली ती तुला लांब पाठवताना.”

हेमाली रडली. लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. मग ओढणीनं तोंड पुसून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“मी जाते,” ती म्हणाली. “तू अडवलं असतंस ना, तर राहिले असते. आनंदानं राहिले असते. आणि मग कधीतरी तुझ्यावर प्रेम करणं मला जड गेलं असतं.”

“आणि आता?”

तिनं त्याचा हात हातात घेतला.

“आता जड आहे ते फक्त जाणं.”