गाण्याबाहेर

विड्यांचं तबक सांभाळत मिएन अंगणातून वळली आणि थेट खोईवरच आदळली. विडे वाचले. पण हा बाकीच्या पाहुण्यांबरोबर आत का नाही?

"तुम्हालाच शोधत होतो, ताई."

ताई! चार वर्षांनी मोठा हा माणूस! पण नदीपलीकडचे गायक आणि इथल्या गायिका एकमेकांना असाच मान देत आले होते. दर वसंतात जमायचं, ओढीची, विरहाची जुनी गाणी म्हणायची, त्याच चालीत उत्तर द्यायचं. लग्न मात्र आपसांत करायचं नाही. कुणी केलंच, तर दोन्ही गावांचं पिढ्यांचं नातं तुटणार.

"काल गाताना माझ्याकडे बघत होतात. ते गाणंच होतं, की..."

"गाणंच," ती घाईघाईनं म्हणाली. "आजीच्या वेळचं."

"आणि नजर? तीही आजीच्या वेळची?"

तिला हसू आलं, लगेच भीतीही वाटली. तेरा वर्षांची असल्यापासून ती दुसऱ्यांच्या शब्दांत झुरत होती. स्वतःचं झुरणं वेगळं कसं ओळखायचं?

"सायगॉनला नोकरी लागलीय," तो हळूच म्हणाला. "तुम्ही थांब म्हणालात, तर नाही जाणार."

"आत चला... थुक आत्या बघतेय."

थुक आत्या म्हणजे गायिकांची म्होरकी. दुपारी तिनं खूण केली आणि मिएननं निरोपाचं गाणं धरलं. जाऊ नका, थांबा, अशी त्यात विनवणी. ती ऐकत पाहुण्यांनी छत्र्या उघडून निघायचं, हा रिवाज. मिएनचा आवाज दोनदा फाटला. पाहुणे भुरभुर पावसात वाटेला लागले. खोई तिथंच उभा!

"अहो, निघा की!" आत्या हसली.

"थांबा म्हणाल्या ना त्या?"

"गाण्यात म्हणतातच तसं!"

"मग गाण्याबाहेर सांगू देत. जा म्हणाल्या, तर जातो."

सगळे मिएनकडे बघू लागले. तिला शेकडो गाणी तोंडपाठ, पण आत्ता उपयोगाचं एकही नाही. आत्याचं हसू मावळलं होतं.

"मला... गाण्यासारखं बोलता येत नाही," मिएन म्हणाली. "खूप भीती वाटतेय. पण जाऊ नका, खोई."

त्यानं पुढं येऊन तिचा हात धरला.

"आजपासून तू आमच्यात गायची नाहीस," आत्या म्हणाली.

मिएनला रडू फुटलं. हात मात्र तिनं सोडवून घेतला नाही.